घरच्या कुंडीतला काढा आणि ‘नको, बाबा’

प्रश्न : ऐरोलीत राहणारे ६३ वर्षांचे एक गृहस्थ लिहितात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांनी गवती चहा, पुदिना, तुळस, पानओवा, अडुळसा आणि गोकर्ण लावलं, ग्रिलवर गुळवेल चढवली. रोज पहाटे उठून या सगळ्याची पानं, गुळवेलीचा तुकडा, आलं, मिरी आणि वाशीच्या मसाला मार्केटमधून आणलेला ज्येष्ठमध एकत्र उकळून, पाणी निम्मं आटवून ते घरातल्या प्रत्येकाला एकेक कप देतात. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी घरातला दुधाचा चहा बंद केला. पत्नीला थायरॉइडच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. ती शेजारी जाऊन चहा पिते, हे त्यांना अलीकडेच कळलं. सून तीन महिन्यांची गरोदर आहे. आधी ती ‘नको, बाबा’ म्हणायची, मग कप घेऊन बेसिनमध्ये ओतताना दिसली. मुलगा म्हणाला, ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला काही देऊ नका.’ गृहस्थ दुखावले आहेत. ते विचारतात, ‘माझ्या आईने आम्हाला हेच पाजून वाढवलं. यात रसायन नाही, सगळं घरच्या कुंडीतलं. याने काय अपाय होणार? यांना पटवू कसं? की सगळ्या कुंड्या सोसायटीला देऊन मोकळा होऊ?’

नमस्कार,

कुंड्या देऊ नका. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचता वाचता रागाच्या भरात तुम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावाल. पण सुनेला पटवण्याचा बेत मात्र आजच सोडा. ती कप ओतून देते ते योग्यच करते. आणि तुमचा मुलगा आता जे बोलला, ते गोड बातमी कळली त्याच दिवशी घरात कुणीतरी बोलायला हवं होतं.

‘याने काय अपाय होणार?’ हे तुम्ही उत्तर ठाऊक असल्यासारखं लिहिलंय. मी मात्र तो खराच प्रश्न समजून उत्तर देते, कारण असाच काढा रोज पाजणारी घरं बरीच आहेत. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुका यांचा काढा सुचवला, आणि तेव्हा गॅसवर चढलेलं पातेलं काही घरांत अजून उतरलेलंच नाही. शिवाय त्यात दरवर्षी एकेक पाला वाढत गेला.

तुमच्या पातेल्यात दोन वेगळ्या गटांतल्या वनस्पती एकत्र उकळतात. गवती चहा, पुदिना, पानओवा, आलं, मिरी ही स्वयंपाकघरातली. चटणीत, भज्यांत, चहात आपण ती पिढ्यान्‌पिढ्या खातोय. तुळस दारातली असली तरी चार पानं चहात पडतातच. अडुळसा, गुळवेल आणि ज्येष्ठमध मात्र औषधातली. त्यांना मात्रा असते, किती दिवस घ्यायचं ते ठरलेलं असतं, आणि कुणी घेऊ नये हेही ठरलेलं असतं. सगळ्यांना एकाच कपाने, एकाच वेळी, रोज दिलं की यातलं काहीच पाळलं जात नाही.

अडुळशाचंच घ्या. तो खोकल्यावर चालतो हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, आणि पुढे औषध कंपन्यांनाही कळलं. खोकल्याच्या सिरपमधलं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरून तयार केलेलं आहे. म्हणजे तुमच्या गॅलरीतलं ते झाड खरोखर ताकदीचं आहे, तुमचा त्यावरचा विश्वास खोटा नाही. पण हेच व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन वाढवू शकतं. म्हणून गरोदर बाईला अडुळसा देत नाहीत. तिसऱ्या महिन्यात तर नाहीच नाही. याआधी तिने दोन-चार घोट घेतले असतील तर घाबरून जाऊ नका, फक्त पुढच्या तपासणीला ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायला तिला सांगा.

गुळवेलीबद्दल तर आपल्याच भागातला दाखला आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात छापली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वापरलेली वनस्पती खरी गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी एखादी वेल होती, असा त्यांचा मुद्दा होता. वाद कुणी जिंकला यात मी पडत नाही. तुमच्यापुरतं पाहिलं तर दोन्ही बाजू एकाच ठिकाणी येतात : ग्रिलवर चढलेली वेल नक्की कोणती आहे हे तपासलेलं नसताना ती सहा महिने रोज घरादाराला पाजू नये.

वहिनींचं प्रकरण वेगळं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची जास्त काळजी वाटते, कारण त्यांनी तो कप मुकाट्याने घेतलाय. ज्येष्ठमध नियमित पोटात गेला तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला रोज ज्येष्ठमध म्हणजे एका हाताने गोळी देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं झालं. गरोदरपणातही तो टाळायलाच सांगतात. मध्यंतरी वहिनींच्या गोळीचा डोस वाढवावा लागला असेल तर डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगितलं होतं का, हे त्यांना विचारा. बहुतेक घरांत असं काही सांगितलं जात नाही, कारण काढा हे औषध आहे असं कुणाच्या मनातच नसतं. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास दुसरं काही घ्यायचं नसतं. पहाटे तुमचा कप गोळीच्या पाठोपाठ येत असेल तर गोळीचा परिणाम उणावतो. गोळीनंतर तासभर थांबायचं, मग हवं ते प्यायचं. इतकं केलं तरी निम्मं काम होईल.

आता आईंचा मुद्दा. त्यांनी तुम्हाला काढा पाजून वाढवलं हे खरंच असणार. पण तो कधी पाजला, ते आठवून पाहा. घसा धरला, नाक वाहू लागलं, अंगात कणकण आली की दोन-तीन दिवस. बरं वाटलं की काढा बंद. त्या काळच्या बायकांना कुठली वस्तू कुणाला द्यायची नाही, हे आपल्यापेक्षा चांगलं कळायचं. पपई, तीळ, अननस गरोदर बाईच्या ताटात येऊ नयेत म्हणून त्या डोळ्यांत तेल घालून बसायच्या. त्यातल्या काही समजुती आज टिकत नाहीत, ते सोडा. पण अडुळसा घातलेला काढा त्यांनी लेकी-सुनांना अशा दिवसांत हौसेने पाजला असता, असं मला वाटत नाही.

आणि ‘रसायन नाही’ हे कृपा करून म्हणू नका. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रल नावाच्या रसायनाचा. तुळशीत युजेनॉल असतं, तेच लवंगेतही असतं. पानओव्याला ओव्याचा वास येतो म्हणून त्याला ते नाव पडलं, मुळात ते ओव्याचं झाड नाहीच. ही रसायनं आहेत म्हणून तर या पानांना चव आहे. तुम्हाला म्हणायचंय ते बहुधा फवारणीबद्दल. ते मात्र बरोबर आहे, स्वतः वाढवलेल्या पानावर काय पडलं आणि काय नाही हे आपल्याला माहीत असतं. निदान असायला हवं.

तर आपल्या भागात पानांवर काय काय पडतं? तुमच्या घरापासून ठाणे-बेलापूर रस्ता फार लांब नसणार. ट्रेलर, टँकर, बांधकामाची धूळ. गॅलरीतलं पान बोटाने पुसलं तर बोट काळं होतं. वाहत्या पाण्याखाली पान दोन्ही बाजूंनी चोळून धुवायचं, वाटीतल्या पाण्यात बुचकळून भागत नाही. तुळशीचं पान खालच्या अंगाला लवदार असतं, धूळ तिथेच धरून बसते. दुसरं, कबुतरं. ग्रिलवर किंवा एसीच्या युनिटवर ती बसत असतील तर त्याखालच्या कुंडीतलं पान तोंडात घालायचं नाही, कितीही धुतलं तरी. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट, आणि घरात गरोदर मुलगी आहे. खाण्याच्या कुंड्या जाळीच्या आत घ्या. महापालिकेची धुरफवारणी झाली तर दोन-तीन दिवस पानं तोडू नका. नर्सरीतून आणलेल्या नव्या रोपाची आहे ती पानं छाटून टाका आणि महिना-दीड महिन्याने येणारा नवा फुटवाच वापरा. विकायचं रोप टवटवीत दिसावं म्हणून नर्सरीवाले काय मारतात ते आपल्याला सांगत नाहीत.

कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासा. पुदिन्याची काडी मुळं धरायला पाण्याच्या ग्लासात ठेवली असेल तर तेही पाणी बदला. डेंग्यूच्या डासाला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि आठ-दहा दिवसांत त्याचं काम होतं.

हे झालं पानांचं. आता चहाबंदीकडे येते, कारण माझ्या मते घरात बिघडलंय ते तिथे.

तुम्ही काढा सुरू केलात तेव्हा घरच्यांनी सहन केला. पण दुधाचा चहा बंद केलात तेव्हा त्यांच्या हातातलं काहीतरी काढून घेतलंत. या वयात एका बाईला एका कप चहासाठी शेजारचं दार वाजवावं लागतं, हे वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. त्या शेजारी जातात त्यात तुमच्या काढ्याचा राग नसेलही. त्यांना फक्त चहा हवा असेल. आणि गंमत अशी की ज्या चहाला तुम्ही घराबाहेर काढलंत, त्याची मर्यादा तरी सगळ्यांना माहीत आहे. गरोदरपणात दिवसाला साधारण २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात. घरच्या एका कप दुधाच्या चहात ते ३० ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे दिवसाला एक-दोन कप चहा तुमच्या सुनेला चालतो, फक्त लोहाच्या गोळीपासून तासभर लांब. तुमच्या निम्म्या आटवलेल्या काढ्यात काय किती उतरलं, हे मात्र कुणीच सांगू शकत नाही.

तेव्हा चहा परत आणा. जाहीर घोषणा नको, ‘तुमच्या मनासारखं होऊ दे’ असा सूरही नको. उद्या सकाळी पातेलं ठेवा आणि त्यात गवती चहाची एक पात टाका. आलं घाला. दूध, साखर, चहापूड घरच्यांच्या सवयीची. गवती चहा घातलेला दुधाचा चहा आपल्याकडे कुणाला पटवावा लागत नाही. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात आल्याबरोबर त्याच्या जुड्या ठेवलेल्या असतात त्या याच चहासाठी. सून घेते का ते पाहू नका. कप तिच्या हातात नेऊन देऊ नका. चहा झालाय एवढं सांगा आणि आपला कप घेऊन गॅलरीत बसा.

तुमच्यासमोर तसे तीन रस्ते आहेत. सगळं बंद करून कुंड्या देऊन टाकणं हा रुसव्याचा रस्ता, त्याने घर आणखी अवघडेल. मग सून कायम ‘माझ्यामुळे बाबांनी बाग काढली’ हे ओझं वागवत बसेल. दुसरा, काढा फक्त स्वतःसाठी करत राहणं. तो चालेल, पण तुमचाही रक्तदाब, साखर, रक्त पातळ करणारी गोळी असं काही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवून, आणि तेव्हाही अडुळसा, गुळवेल, ज्येष्ठमध वगळून. हे तिन्ही वैद्यांनी सांगितले तरच, सांगितले तितके दिवस. तिसरा रस्ता मला पटतो : गॅलरीची वाटणी करायची. एका बाजूला प्यायची झाडं, दुसऱ्या बाजूला औषधी, आणि रोजच्या कपात फक्त पहिल्या बाजूचं.

प्यायच्या झाडांचा चहा करायची पद्धतही तुम्हाला बदलावी लागेल. मला दाट संशय आहे की तुमचा काढा आरोग्याच्या आधी चवीवरच नापास झाला असणार. नऊ-दहा गोष्टी एकत्र, निम्म्या होईपर्यंत आटवलेल्या. पुदिना आणि तुळस इतका वेळ उकळली की त्यांचं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. ते घरभर दरवळतं, तुम्हाला वाटतं काय छान झालंय, आणि कपात उरतं ते कडवट, तुरट पाणी. आयुर्वेदातही सगळं उकळायला सांगितलेलं नाही. क्वाथ उकळून करतात, फांटासाठी गरम पाणी ओतून ठेवतात, हिम रात्रभर थंड पाण्यात भिजवून. नाजूक, वासाच्या पानांना फांटच बरा.

म्हणजे असं. दोन कप पाणी उकळायला ठेवा. गवती चहाच्या दोन पाती कात्रीने बोटभर तुकडे करून टाका, हाताने ओढू नका, पात कापते. त्या जरा चिवट असतात, त्यांना तीन-चार मिनिटं उकळी लागते. आलं घालायचं तर तेही याच वेळी, ठेचून. मग गॅस बंद. बंद केल्यावर पुदिन्याची आठ-दहा पानं किंवा तुळशीची पाच-सहा, बोटांत जराशी चुरडून. दोन्ही नकोत, एका वेळी एकच. वर झाकण, पाच मिनिटं. झाकण विसरू नका, सगळा वास त्या झाकणाखाली आहे. गाळा, लिंबू पिळायचं तर गाळल्यावर कपात. गूळ घातला नाही तरी चालतं, गवती चहाला स्वतःचा गोडसर वास असतो. पानओवा मी यात घालणार नाही. त्याची भजी करा, घरात तुमची पत वाढेल.

गोकर्णाची चार-पाच निळी फुलं हिरवा देठ काढून गरम पाण्यात टाकली की पाणी निळं होतं, लिंबू पिळलं की जांभळं. आंबट पडल्यावर त्यातली रंगद्रव्यं रंग बदलतात. चव म्हणाल तर जवळजवळ काही नाही, मला तरी लागत नाही. कौतुक रंगाचंच. पाहुण्यांसमोर करायची गोष्ट. फक्त फुलंच घ्या, गोकर्णाच्या बिया आणि मूळ रेचक आहेत.

हा चहा पहाटे कुणाला देऊ नका. दुपारी चार-साडेचारला करा. त्या वेळी कुणाच्या उपाशीपोटीच्या गोळ्या नसतात, आणि घरातलं माणूस काहीतरी प्यायला आपणहून शोधत असतं. ज्यांना छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, त्यांचा तो त्रास पुदिना वाढवतो. गरोदरपणात हा त्रास पुष्कळ जणींना असतो. अशांना पुदिना वगळून.

सुनेसाठी काय, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही, जोवर ती मागत नाही. स्वयंपाकातला पुदिना, आलं तिला चालतंच. सकाळच्या मळमळीवर थोडं आलं डॉक्टरही सांगतात. गवती चहा, तुळस यांचा वेगळा कप रोज घ्यायचा असेल तर ते तिने तिच्या डॉक्टरांना विचारावं. तुम्ही विचारायचं नाही, मुलाकडून विचारून घ्यायचं नाही. तुम्ही एवढंच करा : गॅलरीत जी जी झाडं आहेत त्यांची नावं एका कागदावर लिहून तिला द्या आणि म्हणा, ‘हे घरात आहे, यातलं तुला काय नको ते मला कळव.’ या एका वाक्याने सगळं फिरतं. आजवर तुम्ही देणारे आणि ती नाकारणारी होती. आता ती सांगणारी आणि तुम्ही ऐकणारे. कप चोरून ओतायची वेळ तिच्यावर येणार नाही. सासऱ्यांना तोंडावर सारखं नको म्हणता येत नाही म्हणून ती ओतत होती. बेअदबी असती तर तिने तुमच्या देखत टेबलावर तसाच ठेवला असता.

तुम्ही दुखावलात ते मला समजतं. इतकी वर्षं ठरलेल्या वेळी बाहेर पडणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतरची सकाळ फार मोठी वाटते. तुम्ही ती मातीत हात घालून भरलीत, हे किती जणांना जमतं? पण बागेचं कौतुक तुम्ही लोकांच्या रिकाम्या कपांवरून मोजायला लागलात, आणि घरचे कप रोज पाहिले जाताहेत हे त्यांनाही कळलं. प्रेमाने दिलेली वस्तू कुणी संपवली का ते पाहत उभं राहिलं की समोरच्याला घास गिळत नाही. मुलगा बोलला ते तुमच्या आईच्या किंवा तुमच्या विरोधात नव्हतं. पहिलं मूल येतंय, तो घाबरलेला आहे.

तुळशीबद्दल एक छोटी गोष्ट, कारण हा वाद बऱ्याच घरांत होतो. पूजेची तुळस आणि चहाची तुळस वेगळी ठेवा. वहिनी एकादशी-द्वादशीला पान तोडू देत नसतील तर पूजेच्या तुळशीला हात लावायचा नाही. चहाच्या कुंडीतल्या मंजिऱ्या मात्र वेळच्या वेळी खुडा. एकदा ती बियांवर गेली की पानं बारीक आणि कडक होतात.

वाळवणाचं तुम्ही विचारलं नाही, पण कुंड्या फोफावल्या की विचाराल. जून ते सप्टेंबर या पट्ट्यात पान वाळवायच्या फंदात पडू नका. हवेत इतकं पाणी असतं की आतून बुरशी धरते, आणि बुरशीचं पान धुऊन-भाजून वाचत नाही, फेकायचंच. पावसाळ्यात ताजंच वापरा, किंवा पुदिना चिरून थोड्या पाण्याबरोबर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ऑक्टोबरचा उन्हाळा सुरू झाला की सावलीत, पंख्याखाली, छोट्या जुड्या उलट्या टांगून वाळवा. उन्हात टाकलं की रंग आणि वास दोन्ही जातात. काडी वाकली तर अजून ओली, कट्‌कन मोडली तर झाली. काचेच्या कोरड्या बरणीत भरल्यावर पहिला आठवडाभर आत वाफ धरते का पाहा, धरली तर पुन्हा बाहेर काढा. बरणीवर नाव आणि महिना लिहा, वाळलेली तुळस आणि पुदिना चार महिन्यांनी तुम्हालाही ओळखू येणार नाही. वाळलेलं पान ताज्याच्या साधारण एक तृतीयांश पुरतं.

राहिला कुंड्या सोसायटीला द्यायचा प्रश्न. अडुळशाची कुंडी खरंच द्या. कुंडीत तो कुढतो, जमिनीत कुंपणाला उत्तम वाढतो आणि शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत. सोसायटीच्या भिंतीकडेला लावा आणि पाटी लिहा : अडुळसा, गरोदर स्त्रियांनी वापरू नये. गवती चहाचा ठोंब मोठा झाला असेल तर पावसाच्या सुरुवातीला कुंडीतून काढून, मुळासकट तीन-चार भाग करून शेजाऱ्यांना वाटा. ज्यांच्याकडे वहिनी चहाला जातात त्यांच्यापासून सुरुवात करा. उरलेला भाग तुमच्या मोठ्या कुंडीत परत लावून पाती वीतभर ठेवून छाटा, महिन्याभरात पुन्हा कापायला येतील. गुळवेल ग्रिलवरून कधी उतरवलीत तर तिचे तुकडे दुसऱ्या कुंडीत टाकू नका, कुठेही रुजतात. सगळे गोळा करून ओल्या कचऱ्यात द्या.